लेहरा ऐकत बसाल तर तबला निसटेल: रॅप न रुचणाऱ्या कानांसाठी

रॅप न आवडणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात उरकते: "ह्यात गाणं कुठंय?" ह्यावर चाहत्यांची दोन ठरलेली उत्तरं असतात. एक, "तुम्हाला कळत नाही." दुसरं, "अहो, आपला पोवाडा म्हणजे रॅपच की!" पहिलं उत्तर उर्मट आहे आणि दुसरं चुकीचं. पोवाड्याला चाल असते, झीलकरी 'जी जी रं जी' धरतात, शाहीर प्रसंग उभा करतो, आणि ऐकणारा त्या प्रसंगामागे जातो. आयुष्यभर पोवाडे ऐकलेल्या माणसाला रॅप ऐकण्याची कसलीही आयती तयारी मिळत नाही. तयारी आपल्याकडे आहे, पण ती वेगळ्याच बैठकीत: एकल तबलावादनाच्या.

एकल तबल्यात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तीनताल असेल तर सोळा मात्रांची छोटीशी धून, आणि तासभर तीच. नवखा श्रोता लेहराच ऐकत बसला तर पाचव्या मिनिटाला त्याला जांभई येणार. जाणकाराच्या लेखी लेहऱ्याचं काम एवढंच, की आवर्तनात आपण कुठे आहोत ते कळावं. त्याचं सगळं लक्ष तबल्यावर: बोल कुठे भरले, कुठे जागा सोडली, समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, किती अलीकडून तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) उचलली.

रॅपमधला बीट, म्हणजे मागे चालणारा वाद्यांचा ठेका, हा लेहरा आहे. दोन किंवा चार बारांचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, तीन-चार मिनिटं तोच. वर रॅपर जे करतो ते तबलजीचं काम: ठरलेल्या चौकटीत अक्षरं बसवणं, हलवणं, अडवून धरणं. भावगीत-नाट्यगीत-सिनेगीतावर पोसलेला कान सवयीने आधी लूपमध्ये चाल शोधतो. मिळत नाही. मग आवाजात शोधतो, तर तिथं दोन-तीन सुरांच्या पलीकडे हालचाल नाही. मग निकाल लागतो: हे नुसतं बडबडणं. कानात दोष नसतो, तो चुकीच्या ठिकाणी पहारा देत असतो.

आता जरा हिशेब मांडू, कारण ह्या संगीतातली पुष्कळशी मजा हिशेबातच आहे.

एका बारमध्ये चार ठोके. जुनी रीत अशी की एक कडवं सोळा बारांचं. म्हणजे चौसष्ट ठोके. ठोका म्हणजे मात्रा धरली तर तीनतालाची चार आवर्तनं. मिनिटाला ९० ठोक्यांची लय असेल तर एक बार सुमारे २.७ सेकंदांचा आणि आख्खं कडवं ४३ सेकंदांचं. प्रत्येक ठोक्याचे चार भाग करा, एका बारमध्ये सोळा घरं झाली, कडव्यात २५६. रॅपर ही सगळी घरं भरत नाही. बारमागे दहा-बारा अक्षरं धरली तरी एका कडव्यात दीडशे ते दोनशे अक्षरं होतात. भावगीताचं कडवं तीस-चाळीस अक्षरांचं, आणि तेही आळवत, ओळ पुन्हा उचलत, मधे बासरीला जागा देत. त्या सवयीच्या कानावर ४३ सेकंदांत दोनशे अक्षरं आदळली की तो पहिल्या दहा सेकंदांत हात टेकतो. थकवा खरा असतो, त्याला रुचीचा प्रश्न समजू नये.

दुसरा अडथळा समेचा. आपल्याला शिकवलेलं असतं की सगळ्याचं लक्ष्य सम. तिहाई समेवर पडते, मुखडा समेवर येतो, दाद समेवर मिळते. रॅपमध्ये पहिल्या ठोक्यावर किक, म्हणजे जाड 'धम्', आणि दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे करकरीत 'टॅक'. ओळीचं शेवटचं यमक बहुतेक वेळा चौथ्या ठोक्यावर, त्या 'टॅक'वर बसतं. समेची वाट पाहणाऱ्याला पहिल्या ठोक्यावर किकपलीकडे काहीच सापडत नाही. कित्येकदा रॅपर तिथे श्वास घेत असतो. टाळी पहिल्या-तिसऱ्यावर देणारा माणूस सगळं कडवंभर गाण्याच्या विरुद्ध बाजूने चालत राहतो आणि मग म्हणतो, लय अंगावर येते. टाळी दुसऱ्या-चौथ्यावर द्या. एवढा एक बदल केला तरी अर्धं भांडण मिटतं.

यमकाचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. शाळेत शिकलेलं यमक म्हणजे शेवटची अक्षरं जुळणं: करी-धरी, आला-गेला. रॅपमध्ये व्यंजनांपेक्षा स्वरांची रांग जास्त मोजली जाते, आणि ती एका अक्षराची नसते, तीन-चार-पाच अक्षरांची असते. उदाहरणापुरत्या दोन ओळी रचू:

वीज गेली भर दुपारी, घाम म्हणतो, "चल, उठा की"
शब्द मांडले भर दुकानी, लोक पुसती, पण मुका मी

कविता म्हणून ह्यांची लायकी यथातथाच. पण मोठ्याने वाचा. 'भर दुपारी', 'चल, उठा की', 'भर दुकानी', 'पण मुका मी': चारही ठिकाणी स्वर तेच, अ-उ-आ-ई. शेवटची व्यंजनं बघाल तर री, की, नी, मी. शाळेतलं यमक ह्याला फार तर अर्धे मार्क देईल. रॅपचा कान ह्याला चार अक्षरांचं पूर्ण यमक म्हणतो, तेही दोन ओळींत चार वेळा. आता बसवणूक बघा. पहिल्या ठोक्यावर 'वीज गेली', दुसऱ्यावर 'भर दुपारी', तिसऱ्यावर 'घाम म्हणतो', चौथ्यावर 'चल, उठा की'. स्नेअरच्या प्रत्येक 'टॅक'ला यमकाचं पहिलं अक्षर चिकटलं, म्हणजे 'भर' आणि 'चल'. इथे अक्षर म्हणजे उच्चारातलं. 'भर' लिहिताना दोन, बोलताना एक. वृत्तातली लघु-गुरूंची मोजणी इथे चालत नाही, आणि मराठीत रॅप लिहू पाहणारे नवशिके नेमके तिथेच अडखळतात: वहीवर ओळ मात्रेत चोख बसते आणि माइकसमोर चार अक्षरं उरतात.

ही दोन ओळींची बसवणूक सगळ्यात सोपी, अगदी पहिल्या इयत्तेची. १९७९ साली न्यूयॉर्कमधून रॅपच्या तबकड्या बाजारात आल्या तेव्हा आणि पुढची काही वर्षं बहुतेकांची तऱ्हा अशीच होती: ओळ बारमध्ये संपणार, यमक शेवटी येणार, पुढची ओळ पहिल्या ठोक्यापासून सुरू. १९८७ मध्ये एरिक बी. आणि रकीम ह्यांचा 'पेड इन फुल' हा अल्बम आला आणि ही चौकट मोडली. रकीम स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा, जाझवादक जॉन कोल्ट्रेन ऐकत वाढलेला. त्याने यमक ओळीच्या पोटात नेलं, वाक्य एका बारमध्ये सुरू करून पुढच्याच्या मध्यावर संपवलं, आणि आवाज न चढवता हे सगळं केलं. वरच्या ओळीतला 'भर दुपारी' एक घर उशिरा सुरू करून बघा. आता 'भर' स्नेअरनंतर येतो आणि 'री' तिसऱ्या ठोक्यावर जाऊन पडतो. शब्द तेच, पण झटका वेगळा. रॅपर 'फ्लो' म्हणतात ते हेच: अक्षरं कुठल्या घरात ठेवली, कुठली घरं रिकामी सोडली, आणि ही मांडणी किती बारांनी बदलली. ज्याला हे ऐकू येत नाही त्याला सगळे रॅपर सारखेच वाटणार, जसे बोल न कळणाऱ्याला सगळे तबलजी 'फास्ट वाजवतात'.

घरांच्या मधल्या भिंतीही सरळ नसतात. १९८८ साली अकाईने एमपीसी-६० हे बीट रचायचं यंत्र बाजारात आणलं, रॉजर लिन ह्यांनी घडवलेलं. त्यात 'स्विंग' टक्क्यांत लावता येतो. ५० टक्के म्हणजे जोडीतली दोन्ही घरं सारखी. ९० च्या लयीत प्रत्येक घर १६७ मिलिसेकंदांचं. स्विंग ५८ टक्के केला की जोडीतलं दुसरं घर सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा उघडतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ठेका चालायचा थांबून झुलायला लागतो. डेट्रॉइटचा बीट बनवणारा निर्माता जे डिला ह्याच्याही पुढे गेला: हाताने वाजवलेले ठोके त्याने ग्रिडला, म्हणजे यंत्राच्या आखीव घरांना, चिकटवलेच नाहीत, किक जरा मागे, स्नेअर जरा पुढे. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याचा 'डोनट्स' हा अल्बम आल्यावर तीनच दिवसांनी तो वारला; आज त्या लडखडत्या ठेक्याची नक्कल जाझचे ड्रमरसुद्धा करतात. यंत्राच्या काटेकोर ठेक्याची सवय असलेल्या कानाला मात्र पहिल्यांदा ते 'चुकलेलं' वाटतं.

ट्रॅप ह्या रॅपच्या प्रकारात फसगत वेगळी. संगणकाच्या पडद्यावर लय १४० दिसते, हाय-हॅट, म्हणजे ड्रममधल्या झांजा, बत्तिसाव्या भागापर्यंत तडतडत असतात, आणि श्रोता त्या तडतडीवर मान हलवायला जाऊन दोन मिनिटांत दमतो. ७० ने मोजा. स्नेअर मग पुन्हा आपल्या ओळखीच्या जागी, दुसऱ्या-चौथ्यावर येतो. त्यावर रॅपर ठोक्याला तीन-तीन अक्षरं टाकतो ती सरळ तिगुन आहे. कडवंभर तिगुनच चालू राहिली तर कंटाळा येणं योग्यच. तिथे दोष रॅपरचा.

आता ज्या कारणाविषयी कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक नावड जिथे जन्मते, ते: फोनचा स्पीकर.

रोलंड टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढंच बनलं, पण त्याची किक रॅपने कायमची उचलली. ती साधारण ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी खर्जात, घुमते. पुढे निर्माते ती किक लांबवून, सुरात लावून, तिचीच बेसलाइन करू लागले. म्हणजे गाण्यात जी काही धून आहे ती तळाला, ४० ते ६० हर्ट्झमध्ये. फोनचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका होतो. उरतं काय? हाय-हॅटची टिकटिक आणि एक माणूस बोलतोय. "ह्यात संगीतच नाही" हे मत त्या परिस्थितीत तंतोतंत बरोबर असतं! हुशार निर्माते किकवर थोडी विकृती (डिस्टॉर्शन) चढवतात, म्हणजे वरचे स्वरांश तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही मेंदू बेसचा अंदाज बांधतो. पण तो अंदाजच.

फार खर्च नको. साधे वायरचे इअरफोन, कानात घट्ट बसणारे, पुरेत. रबरी टोक सैल असेल तर बेस गळून जातो. स्पीकर घ्यायचाच तर निदान पाच इंची वूफर असलेला, आणि तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात बेस फुगतो आणि शब्द गिळतो. 'बेस बूस्ट' बंद ठेवा: स्वस्त उपकरणांत तो ५० हर्ट्झला हात लावत नाही, १५०-२५० हर्ट्झ फुगवतो, आणि पुरुषी आवाजाचा तळ साधारण तिथेच असल्याने रॅपर घोंगडीतून बोलतोय असं वाटतं. टीव्हीचा 'सराउंड' मोडही बंद. दोन्ही कानांत इअरफोन घाला, एकात नको. मुख्य आवाज मधोमध असतो, पण ओळीच्या शेवटच्या शब्दांना जाडी आणणारी दुसरी ध्वनिमुद्रित प्रत आणि ते 'ये', 'आह', 'ब्रर्रा' असले शेरे डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेले असतात. एकाच स्पीकरच्या डब्यात हे सगळं एकमेकांवर चढतं आणि चार माणसं एकदम ओरडतायत असा भास होतो.

आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीवर ऐकलेल्या रॅपवरून मत बनवलं असेल तर ते मोडीत काढा. तिथे उलटा प्रकार: फक्त बेस, शब्द शून्य.

भाषेचा अडसर सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं कारण भलतंच सांगितलं जातं. इंग्रजी चांगलं असणाऱ्यांनाही अमेरिकन रॅप कळत नाही, कारण अडचण शब्दसंग्रहाची कमी आणि आघातांची जास्त. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत आघात असलेलं अक्षर ठळक राहतं आणि बाकीची चेपली जातात. रॅपर त्याच आघाताला स्नेअरवर आणण्यासाठी शब्द वाकवतो, कधी आघात मुद्दाम भलत्या अक्षरावर टाकतो. आपला कान सगळी अक्षरं सारख्या मापाने वेचायला जातो आणि तिसऱ्या शब्दाला मागे पडतो. शिवाय कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीचं स्वतःचं व्याकरण आहे. ते 'चुकीचं इंग्रजी' म्हणून ऐकलं तर ओळीतला अर्धा नेमकेपणा हातातून जातो.

संदर्भांचं तर विचारूच नका. मुंबईचा रॅपर डिव्हाइन '५९' म्हणतो तेव्हा तो अंधेरी पूर्वेचा ४०००५९ हा पिनकोड असतो. धारावीचे रॅपर '१७' म्हणतात ते ४०००१७ वरून. मुंबईकराला हे चटकन लागतं, नागपूरकराला सांगावं लागतं. मग अमेरिकेतल्या कॉम्प्टन किंवा क्वीन्सब्रिजचे गल्लीबोळ आपल्याला आपोआप कसे कळतील? शब्द समोर ठेवून ऐकण्यात कसलाही कमीपणा नाही.

म्हणून मराठी माणसाला माझा सल्ला: सुरुवात आपल्या भाषेतून करा. स्वदेशी ह्या मुंबईच्या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो; आरेच्या जंगलावर आणि वारल्यांवर त्यांनी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांच्यासोबत २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं. अमरावतीचा १००आरबीएच ऐका. नावातच त्याच्या लिखाणाची चुणूक आहे, शंभर म्हणजे 'सौ', पुढे आरबीएच, झाला सौरभ. भाषा आपलीच असल्यावर डोकं भाषांतरात अडकत नाही आणि कान घरांकडे मोकळा राहतो.

'चोरलेल्या चाली'चा आक्षेपही येतो, आणि तो जुन्या संगीताच्या प्रेमींना जास्त बोचतो. इथे थोडा इतिहास लागतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू ह्या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टी केली. गाण्यातला गायक-वादक थांबून फक्त ड्रम उरतात तो तुकडा, म्हणजे 'ब्रेक', लोकांना सगळ्यात जास्त नाचवतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. हे तुकडे काही सेकंदांचे. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून, एकीवर तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, अशी त्याची युक्ती. लूपचा जन्म इथला. 'तेच तेच' हा ह्या संगीताचा अपघात नव्हे, पायाच आहे. द विन्स्टन्स ह्या बँडच्या १९६९ च्या एका गाण्यातला ग्रेगरी कोलमनने वाजवलेला जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला.

पैशांचा आणि श्रेयाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो न्यायालयातही लढला गेलाय. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' ह्या आज्ञेने केली. त्यानंतर परवानगीशिवाय सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा, घेणं महागात पडू लागलं आणि एका गाण्यात दहा-वीस तुकडे रचण्याची शैली जवळपास बंद पडली. आपल्या घरचं उदाहरण म्हणजे १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं लताबाईंनी गायलेलं 'थोडा रेशम लगता है'. २००२ मध्ये अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या 'ॲडिक्टिव्ह'मध्ये तो आवाज लूप होऊन आला, त्यावर रॅप करणारा रकीमच! श्रेय न दिल्याबद्दल प्रकरण न्यायालयात गेलं आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव लावल्याशिवाय विक्री नको असा आदेश निघाला. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐका. कुठला तुकडा उचलला, कुठे कापला, लताबाईंची तान लेहऱ्यासारखी कशी फिरते, हे तीन मिनिटांत जितकं कळेल तितकं कुठल्याही लेखाने कळणार नाही.

आता 'मी, मी, मी'. भक्तीच्या आणि भावगीताच्या परंपरेत कवी स्वतःला पुसत नेतो, म्हणून हा सततचा बडेजाव आपल्याला खटकतो. पण आपल्याकडेच कलगी-तुऱ्याचे फड रात्र-रात्र चालत, कलगीवाले शक्तीच्या बाजूने, तुरेवाले शिवाच्या, आणि समोरच्याला सवालात अडकवून खिजवणं हा त्या खेळाचा नियम होता. रॅपमधली फुशारकी त्याच जातीची: ती माहिती नसते, डाव असतो. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड ह्या क्लबात रॅपर बिझी बी प्रेक्षकांना हसवून-ओरडवून जिंकत आलेला होता. कूल मो डीने थेट त्याच्यावर रोखलेल्या ओळींनी असा हल्ला केला की तेव्हापासून लढतीत शब्दांच्या कारागिरीला भाव आला. फुशारकी ऐकताना ती खरी आहे का हे विचारूच नका. ती किती नव्या पद्धतीने मारली ते बघा.

बायकांविषयीचा गलिच्छपणा आणि बंदुकांचं कौतुक ह्यांना मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही. ते ऐकवत नसेल तर बंद करा. कारागिरी चांगली आहे म्हणून मजकूर गिळावा असा काही नियम नाही. आणि पुष्कळ रॅप नुसतं वाईटही असतं. हिंदी सिनेमातल्या पार्टीगाण्यात मधेच आठ बार कोंबलेलं, गाडी-दारू-चष्मा एवढ्याच यमकांवर चालणारं रॅप ज्यांनी ऐकलंय त्यांनी नाक मुरडलं तर त्यांची रुची शाबूत आहे असं समजावं. केंड्रिक लमारला २०१८ मध्ये 'डॅम'साठी संगीताचं पुलित्झर मिळालं हे तोंडावर फेकूनही कुणाचा कान उघडत नाही.

ऐकवणाऱ्यांच्या चुका तर ठरलेल्या. पहिली, सगळ्यात वेगवान गाणं पाठवणं. एमिनेमच्या 'रॅप गॉड'मध्ये ६ मिनिटं ४ सेकंदांत १,५६० शब्द आहेत, गिनीजमध्ये नोंद आहे. ऐकणारा तोंडात बोट घालतो आणि पुन्हा कधी लावत नाही. तबला न ऐकलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा द्रुत रेला ऐकवत नाही, संथ पेशकार ऐकवतो. दुसरी चूक व्हिडिओ दाखवणं: डोळे साखळ्या आणि गाड्या बघतात, कान सुटी घेतो. तिसरी, सत्तर मिनिटांचा अल्बम हातात देणं.

त्याऐवजी हे करा. ८५ ते ९५ च्या लयीतलं, एकाच रॅपरचं, विरळ बीटचं गाणं निवडा. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातलं न्यूयॉर्क ह्यासाठी उत्तम: नॅसचा १९९४ चा 'इलमॅटिक' हा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो, शास्त्रीय किंवा जाझकडे कल असेल तर ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा १९९१ चा 'द लो एंड थिअरी', ज्यात एका गाण्यात जाझचे बेसवादक रॉन कार्टर ह्यांनी स्वतः डबल बेस वाजवलाय. आधी त्या गाण्याची नुसती वाद्यांची आवृत्ती शोधा, बहुतेकांची मिळते. लूप किती बारांनी फिरतो ते बोटांवर मोजा. स्नेअर पकडून दुसऱ्या-चौथ्यावर टाळी पक्की होऊ द्या, मिनिटभर. मग मूळ गाणं लावा आणि पहिलं कडवं, ते ४३ सेकंद, एवढंच ऐका. अर्थाच्या मागे लागू नका. प्रत्येक बारच्या चौथ्या ठोक्यावर कुठला आवाज पडतो तेवढं टिपा. पुन्हा तेच कडवं; आता तो आवाज बारच्या पोटात आणखी कुठे आलाय ते शोधा. मग गाणं बंद करून शब्द वाचा, कठीण संदर्भ बघून घ्या, आणि तिसऱ्यांदा ऐका. ह्या वेळी रिकामी घरं ऐकू यायला लागतात, म्हणजे रॅपर कुठे मुद्दाम गप्प बसला ते. दहा मिनिटांचं काम. दुसरं कडवं उद्या. आधी बैठ्या, संथ आवाजाचे रॅपर ऐका, आरडाओरडा करणारे नंतर.

कार्यक्रमाला जाऊन सुरुवात करू नका. मंचावर पुष्कळ रॅपर माइकची जाळी मुठीत धरतात. दिसायला रुबाबदार, पण त्यामुळे माइक एका दिशेचा न राहता चहूकडचं ओढू लागतो, मधल्या पट्टीतला आवाज कोंदतो, व्यंजनं मरतात आणि मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमधून शिट्टी वाजायला लागते. सोबत मित्रमंडळी ओळीचा शेवट ओरडतात आणि खालून ध्वनिमुद्रित आवाजही चालू असतो. त्यातूनही जायचंच असेल तर मंचासमोरच्या सबवूफरांपासून दूर, ध्वनियंत्रणेच्या कन्सोलजवळ उभे राहा. मिक्स तिथल्या माणसाच्या कानाला जुळवलेलं असतं.